400 पटींचा विद्यार्थी मायक्रोस्कोप: पैसे वसूल झाले ते हायड्रिलाच्या पानावर

मी आठवीला विज्ञान शिकवते. पेशीअंगकांचा, म्हणजे पेशीच्या आतल्या छोट्या भागांचा, धडा दरवर्षी फळ्यावरच्या आकृतीवरच उरकायचा. यंदा पदरचे साडेचार हजार घालून मायक्रोस्कोप घेतला. नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) 10 पटींची, खाली 4, 10 आणि 40 ची भिंगं. दुकानदार त्याच किमतीत 1200 पटींचा दाखवत होता, मी नको म्हटलं. 40 च्या भिंगावर 0.65 कोरलेलं असतं, तो भिंग किती प्रकाश गोळा करतं त्याचा आकडा. त्यातून साधारण अर्ध्या मायक्रोमीटरहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत. वर कितीही मोठी नेत्रिका लावा, धूसर होतं तेच मोठं होऊन दिसणार.

कांद्याचा पापुद्रा आयोडीनमध्ये छान दिसतो: विटांसारख्या पेशी, कडेला सरकलेलं केंद्रक. गालाच्या आतून खरवडलेल्या पेशींना भित्तिका नाही, त्यामुळे कडा दुमडलेल्या. दही पाण्यात कालवून मिथिलिन ब्ल्यूने रंगवलं तर नुसत्या बारीक कांड्या आणि ठिपके, केंद्रक कुठेच नाही. आदिकेंद्रकी म्हणजे काय, ते मुलांना तिथेच कळलं. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा देणारी अंगकं) मात्र न रंगवता ओळखू येत नाहीत आणि प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो, हे आधीच सांगून ठेवा.

आता हायड्रिला, ही पाण्यात वाढणारी वनस्पती. शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते. पान दोनच पेशींइतकं जाड, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही. कोमट पाण्यात, उजेडात थोडा वेळ ठेवा, मग मधल्या शिरेजवळ 40 चं भिंग आणा. पेशीच्या मधोमध मोठी रिक्तिका (द्रवाने भरलेली पिशवी), तिने कडेला रेटलेला पेशीद्रव, आणि त्यातून हरितलवकं, म्हणजे हरितद्रव्याचे हिरवे कण, एकामागोमाग कडेकडेने फिरताना दिसतात. मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "बाई, हे चालतंय!" वर्गातल्या चव्वेचाळीस जणांनी रांग लावली. मधली सुट्टी झाली तरी कोणी डबा उघडला नाही.

तक्रारी दोन. काचपट्टी सरकवायला स्क्रू नाही, नुसत्या क्लिपा आहेत. बोटाने ढकलली की पेशी नजरेआड जाते. आणि सोबत आलेल्या बारा तयार स्लाइडपैकी तिघींत हवेचे बुडबुडे होते. दुकानदाराने बदलून दिल्या नाहीत. स्लाइडची पेटी घेऊच नका, त्या पैशांत कव्हरस्लिपा आणि आयोडीन आणा. सूक्ष्म फोकसचा स्क्रू मात्र दुकानातच फिरवून बघा. आमचा सहा महिन्यांनंतरही ढिला झालेला नाही.