लग्नाचा वाढदिवस: रोम की फ्लोरेन्स?

दोन्ही शहरं इटलीतली, वेगवान रेल्वेने दीड तासाच्या अंतरावर. तरी दोन-तीनच दिवस असतील तर एकच निवडा.

रोम अवाढव्य आहे. इ.स. ८० मध्ये खुलं झालेलं कलोसियम, फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष), व्हॅटिकन... यादी संपत नाही आणि पायही कुरकुरू लागतात. वेळ ठरवून घेतलेली तिकिटं, सुरक्षा तपासणीच्या रांगा, मग पुढच्या ठिकाणासाठी धावपळ. पण पँथिऑन या प्राचीन मंदिरासाठी सगळं माफ! सुमारे १९०० वर्षं जुन्या त्या घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर, आणि माथ्यावरचं भोक उघडंच. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. ट्रेव्ही कारंज्यापाशी दोघांचाच निवांत फोटो हवा असेल तर पहाटे उठा.

फ्लोरेन्सचा जुना भाग पायी हिंडण्याजोगा. तिथल्या मुख्य चर्चचा, वास्तुरचनाकार ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये पूर्ण झाला. वर जायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर हा हट्ट सोडा. संध्याकाळी आर्नो नदी ओलांडून पिआझ्झाले मिकेलांजेलोच्या टेकडीवर जा, तिथून तो घुमट आणि पोंते वेक्किओ पूल दोन्ही दिसतात. उफिझी हे चित्रांचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे तारीख सोमवारची असेल तर चित्रं आदल्या दिवशी उरका.

इतिहासाचं वेड दोघांनाही असेल तर रोम. एकालाच असेल तर फ्लोरेन्स, म्हणजे दुसऱ्याला निदान नदीकाठी बसता येईल.