कॅथलिक शाळेतली दुसरीची एक टर्म: आईचा रिव्ह्यू, ५ पैकी साडेतीन स्टार

लेक दुसरीत, वय ७, शाळा कॅथलिक, आम्ही कॅथलिक नाही. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पोरगी अजून तिथेच आहे आणि पुढच्या मीटिंगला मला त्याच मिससमोर त्या एवढ्याश्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसायचंय. नाताळच्या सुट्टीआधीची अख्खी टर्म संपली, वह्या घरी आल्या, आणि एका दुपारी सगळा गठ्ठा जमिनीवर पसरून बसले की बघू तरी हिला नेमकं शिकवलं काय. ॲडमिशनच्या वेळी मिळालेल्या चकचकीत पुस्तिकेत 'मूल्याधिष्ठित सर्वांगीण विकास' वगैरे छापलेलं, त्यातून कोणाला काय डोंबल कळतं. वह्यांमधून कळतं.

आधी वाचन, कारण तिथे मी स्वतःच नापास झाले. इंग्रजी वाचायला फोनिक्सने शिकवतात, म्हणजे अक्षराचं नाव नाही, आवाज. पहिलीत एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात केली होती कारण तेवढ्यातच सॅट, पिन, टॅप, नॅप असे बरेच शब्द होतात, आणि या टर्मला मॅजिक ई, म्हणजे कॅपच्या शेवटी ई लावला की केप, पिनचं पाइन. शिवाय 'सेड' आणि 'वॉज' सारखे नियमात न बसणारे शब्द, ते सरळ पाठ. सगळं छान, पण घरी मी शिकवायला बसले की ही अडायची. मी म्हणायची "म, अॅ, ट, जोडून म्हण बरं" आणि ही म्हणायची "मअॅट". तीन आठवडे आमचं हेच, मी वैतागलेली, ती रडवेली. शेवटी मीटिंगला मिसने मलाच ओठ मिटायला लावून "म्म्म्" म्हणायला लावलं आणि तेव्हा ट्यूब पेटली, अहो आपला क, ख, ग प्रत्येकाच्या पोटात अ असतोच ना, तो अ मी इंग्रजीत घेऊन चालले होते! पाय मोडलेला म् हवा, पाय मोडलेला ट् हवा. घरी येऊन हिला एवढंच सांगितलं की सगळ्यांचे पाय मोड, आणि तिला ते इतकं आवडलं की दोन दिवस घरभर पाय मोडत फिरत होती. आता माझी तक्रार अशी की हे दोन ओळींत पहिल्याच आठवड्यात पालकांना लिहून पाठवता आलं नसतं का? एक झेरॉक्स आली होती, त्यात नुसती आवाजांची यादी. आपण लहानपणी बी-ए-टी बॅट असं घोकून शिकलेली माणसं, आम्हाला कसं कळणार. तरी रिझल्ट मात्र खरा आहे, टर्मच्या सुरुवातीला बोट ठेवून अक्षर अक्षर वाचणारी पोरगी आता औषधाच्या खोक्यावरचंही वाचते. अर्थ कळत नाही पण वाचते.

गणित. एकक दशक शंभरपर्यंत, दहाच्या आणि वीसच्या जोड्या (७ आणि ३, ६ आणि ४, १३ आणि ७, हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे), २, ५ आणि १० चे पाढे, घड्याळात पूर्ण तास, अर्धा तास आणि पाव. वजाबाकीवरून घरात जरा महाभारत झालं. सासूबाईंनी हिला ४२ वजा १७ शिकवलं आपल्या पद्धतीने, दोनातून सात जात नाहीत मग शेजारून दशक घे, बारातून सात गेले पाच वगैरे, उत्तर २५. वहीत लाल पेनने गोल. उत्तर बरोबर, रीत शाळेची नाही म्हणून गोल! सासूबाई जाम चिडल्या, "पंचवीस ते पंचवीसच ना गं, त्यांचं काय सव्वीस येतं?" शाळेची रीत अशी की एक रेघ काढायची, १७ पासून २० पर्यंत ३, तिथून ४० पर्यंत २०, मग २, बेरीज २५. मला आधी हा उगाच द्राविडी प्राणायाम वाटला. मग लक्षात आलं की दुकानदार सुटे परत देताना हेच तर करतो, सतरापासून वर मोजत जातो. रीत चांगली आहे, हिला तोंडी वजाबाकी पटापट यायला लागली तेही त्यामुळेच. पण बरोबर उत्तरावर लाल गोल हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही नाही.

आता ज्यासाठी सगळे विचारतात ते, म्हणजे धर्म. मला वाटलेलं आठवड्यातून दोन तास असेल, बाकी वेळ नॉर्मल शाळा. तसं नसतं, आणि ॲडमिशन घ्यायच्या आधी हे माहीत असलेलं बरं. तो तास आहेच, पण सकाळची असेंब्ली प्रार्थनेने, घरी जाताना प्रार्थना, भिंतीवर क्रूस, कोपऱ्यात मरियामातेची छोटी मूर्ती, आणि वर्षाचं कॅलेंडरच चर्चचं. ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस म्हणजे प्राण्यांवरचा धडा त्याच आठवड्यात, ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा दिवस, २ नोव्हेंबर मृतांचा, मग डिसेंबरच्या आसपास आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे. फादर येतात तेव्हा त्यांच्या अंगावरच्या कपड्याचा रंगसुद्धा मुलांना शिकवलाय, हिरवा साधे दिवस, जांभळा तयारीचे दिवस, पांढरा सणाचा, लाल हुतात्म्यांचा. हिचं रंगांकडे भारी लक्ष, त्यामुळे हे तिने एका फटक्यात उचललं.

जपमाळेची गंमत सांगते. वर्गात मिसने एक मोठी लाकडी माळ मुलांच्या हातात फिरवली, दहा दहा मण्यांचे पाच गट, प्रत्येक लहान मण्याला एक हेल मेरी, म्हणजे मरियामातेची प्रार्थना. माझी मुलगी प्रार्थना राहिली बाजूला आणि मणी मोजत बसली, घरी येऊन म्हणे "आई, पाच दशक म्हणजे पन्नास ना, मग तिथे ५९ कसे आले?" मी म्हटलं मोजायला चुकली असशील. दुसऱ्या दिवशी मिसला विचारून आली, ५९च असतात, गटांच्या मधे मधे मोठे मणी आणि खाली क्रूसाकडे जाणारी एक शेपटी असते त्यात पाच, असे लहान ५३ आणि मोठे ६. आणि मिसने काय करावं, त्या दिवशीच्या गणिताच्या तासाला फळ्यावर ५९ लिहून पाच दशक नऊ एकक ह्यावरच अख्खा तास घेतला. मला ही बाई तिथे आवडली. पोरीला गप्प बसवलं असतं तरी कोणी काही म्हणालं नसतं.

गोष्टींच्या बाबतीतही तसंच. बायबलमधली चांगल्या शोमरोनीची गोष्ट, म्हणजे वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस, त्याला बघून दोन मोठी माणसं बाजूने निघून जातात आणि ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही असा परका माणूस थांबतो, त्याच्या जखमा बांधतो, धर्मशाळेत नेतो. याचं वर्गात नाटक केलं. मुख्य पार्ट इतरांना, आमची बाई धर्मशाळेचा मालक, डायलॉग एकच, "या, आत या". दोन नाणी मिळतात तिला आणि तो माणूस सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. आठवडाभर घरी हाच विषय, दोन नाण्यांत किती दिवस ठेवायचं, तो परत आलाच नाही तर, मग माणसाला बाहेर काढायचं का. तिला शोमरोनी किती चांगला वगैरेमध्ये काही इंटरेस्ट नाही, तिला हिशोब लागत नव्हता. नवरा म्हणाला ही मोठेपणी अकाउंट्समध्ये जाणार. पण वहीत बघितलं तर गोष्टीखाली प्रश्न होता 'तू त्या जागी असतीस तर काय केलं असतंस' आणि हिने लिहिलंय की मी त्याला ठेवून घेतला असता पण एक चिठ्ठी लिहून घेतली असती. मिसने खाली हसरा चेहरा काढलाय. लाल गोल नाही.

आता तक्रार नंबर दोन, मोठी. कॅथलिक मुलांना साधारण याच वयात पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर, देतात, सातव्या वर्षाच्या सुमारास, १९१० साली पोप दहावे पायस यांनी वय खाली आणलं तेव्हापासून. त्याची तयारी शाळेत सुरू झाली की वर्गातली ती मुलं एका बाजूला जातात आणि उरलेली आमच्यासारखी पाचसहा मुलं लायब्ररीच्या कोपऱ्यात. तिथे काय करतात? रंगवतात. दर वेळी तेच झेरॉक्स केलेलं मेंढराचं चित्र. मी वह्यांच्या गठ्ठ्यात मोजली, त्या मेंढराची ११ चित्रं निघाली, निळं मेंढरू, ठिपक्यांचं मेंढरू, शेवटचं तर पूर्ण काळं करून टाकलंय, त्यावरून आमच्या लेकीचा मूड कळतो. धर्म लादत नाहीत हे मान्य, कधी कोणी हिला जबरदस्तीने क्रूसाची खूण करायला लावली नाही, त्याबद्दल पैकीच्या पैकी मार्क. पण बाहेर बसवलेल्या मुलांना करायला काहीतरी द्या ना हो. मीटिंगमध्ये बोलले, "नोंद घेतो" म्हणाले. बघू.

ह्याच्या बरोबर उलटा अनुभव २ नोव्हेंबरचा. त्या आठवड्यात वर्गात एक पुठ्ठ्याचं झाड लावलेलं आणि प्रत्येकाने आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव पानावर लिहून चिकटवायचं, पाहिजे त्यानेच. हिने विचारलं मी कॅथलिक नाही, मी लिहू का, तर मिस म्हणाली तुझे आजोबा होते ना, मग लिही. तिने आजोबांचं नाव लिहिलं आणि खाली त्यांचा चष्मा काढला. आजोबांना जाऊन दीड वर्ष झालं, घरात आम्ही मोठ्यांनी तिच्यासमोर हा विषय टाळलेलाच होता. ते पान आता आमच्या कपाटाच्या दारावर आहे.

विज्ञान ठीकठाक. सजीव निर्जीव, वस्तू कशाच्या बनतात, पानं मुळं खोड. त्यातला एकच प्रयोग भारी, वालाचं बी ओल्या कापसात, एक खिडकीत आणि एक बंद खोक्यात. मुलांना विचारलं कुठलं जास्त वाढेल, सगळ्यांनी खिडकी सांगितलं, आणि उघडून बघतात तर खोक्यातलं लांबलचक! फिकट पिवळं, मान टाकलेलं, पण लांब. उजेड शोधत नुसतं लांबत गेलेलं. हिला अजून ते अन्याय वाटतं. बाकी पीटी, चित्रकला, गाणी, त्यात लिहिण्यासारखं काही नाही, गाणी पाठ होतात आणि आपल्यालाही होतात, नको असली तरी.

भाषेबद्दल एक राग आहे तो काढूनच टाकते. मधल्या सुट्टीतही इंग्रजीच बोला असा नियम आहे, मातृभाषेत बोललं की डायरीत शेरा. आता गंमत बघा, शाळेच्या जिन्यात ज्या संताची तसबीर लावलीये ते जाँ-बाप्तिस्त द ला साल, १६५१ ते १७१९, फ्रान्सचे, १९५० साली त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं, आणि त्यांनी केलेलं मोठं काम काय, तर त्या काळी मुलांना आधी लॅटिन वाचायला शिकवत ते बदलून आपल्या फ्रेंचमधून वाचायला शिकवलं! म्हणजे पोराच्या घरची भाषा आधी. त्यांच्याच फोटोखालून जाताना हिला शेरा मिळाला. मी हे प्रिन्सिपल सिस्टरना अगदी गोड आवाजात सांगितलं, त्या हसल्या, म्हणाल्या पॉइंट आहे. नियम आहे तिथेच आहे.

शेवटचे चार आठवडे आगमनकाळाचे. हिरव्या पानांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर आठवड्याला एक वाढवायची, गुलाबी तिसऱ्या आठवड्याला. शेजारी येशूच्या जन्माचा देखावा, गाईगुरांचा गोठा, त्यावरून मिसने सांगितलं की असा देखावा संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी खराखुरा बैल आणि गाढव आणून केला होता. बैल खरा म्हटल्यावर पुढचा धडा कोणाच्या डोक्यात गेला असेल देव जाणे. आमच्या बाईचं लक्ष मात्र मेणबत्त्यांवर. शेवटच्या दिवशी घरी येऊन पहिलं वाक्य, "आई, पहिली मेणबत्ती एवढुशी झालीये आणि चौथी अजून मोठ्ठी आहे, पहिलीला चार वेळा पेटवली ना." मग स्वतःच बोटं मोजत, एक आणि दोन आणि तीन आणि चार, दहा वेळा काडी लागली.

स्टार देताना वाचनाला पूर्ण, मिसला पूर्ण, गणिताला लाल गोल वजा करून, मेंढराला शून्य. तुमचं मूल कॅथलिक नसेल आणि अशा शाळेत घालायचा विचार असेल तर ऑफिसमध्ये बाकी काही विचारू नका, एवढंच विचारा की कम्युनियनच्या तयारीच्या वेळी उरलेली मुलं कुठे बसतात आणि काय करतात, आणि शक्य असेल तर मागच्या वर्षीची एखादी वही बघायला मागा. पुढच्या टर्मला उपवासकाळ येतो म्हणे, राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस, परत सगळं जांभळं. क्रेयॉनच्या डब्यातला जांभळा संपलाय, नवीन आणायचाय.