छापील किमतीतला गंडा

काळ्या बाजारात तिकीट घेताना माणूस सावध असतो. दीडशे पौंड मोजायचे तर तो चार प्रश्न विचारतो, दोन ठिकाणी चौकशी करतो. मला गंडा घातला गेला तो अवे मॅचच्या, म्हणजे आपला संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळतो त्या सामन्याच्या, तीस पौंडांच्या तिकिटात. एक पेनीही जास्त न घेता. इंग्लंडमध्ये राहून फुटबॉलच्या मागे गावोगाव फिरणारे आपले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी ही तिकिटं मिळतात कशी ते सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. प्रीमियर लीगच्या नियमानुसार यजमान क्लबाने पाहुण्यांसाठी ३,००० जागा ठेवायच्या. मैदान ३०,००० पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. बोर्नमथ या क्लबचं मैदान २०२४-२५ मध्ये जेमतेम ११,३०० चं होतं, म्हणजे तिथे जाणाऱ्या पाहुण्यांच्या वाट्याला अकराशेच्या आसपास तिकिटं. शिवाय २०१६-१७ च्या हंगामापासून अवे तिकीट ३० पौंडांच्या वर विकता येत नाही. चाहत्यांनी भांडून मिळवलेली ही मर्यादा आहे आणि ती चांगलीच आहे, पण तिच्यामुळे मागणी तुफान असते. म्हणून मोठे क्लब पॉइंट बघून तिकिटं देतात. जितक्या अवे मॅचची तिकिटं घेतलीत तितके पॉइंट. नव्या माणसाला पॉइंट नाहीत म्हणून तिकीट नाही, आणि तिकीट नाही म्हणून पॉइंट नाहीत.

आता गंमत बघा. पॉइंट पडतात ते तिकीट विकत घेणाऱ्याच्या खात्यावर. त्यामुळे ज्याला जायला जमणार नसतं तोही पॉइंट टिकवायला तिकीट घेऊन ठेवतो आणि मग ओळखीपाळखीत छापील किमतीला देऊन टाकतो. क्लबांना हे मान्य नसतं. काही क्लब तर अधूनमधून काही जणांची तिकिटं अडवून धरतात आणि सामन्याच्या दिवशी मैदानावर फोटो-ओळखपत्र दाखवून घ्यायला लावतात. तरी सपोर्टरांच्या ग्रुपवर ‘एक जादा आहे, छापील किमतीत’ हा मेसेज नेहमीचा, आणि बहुतेक वेळा खराही असतो.

मला भेटलेला गृहस्थ अशाच एका ग्रुपवर होता, आणि बरेच महिने होता. संघनिवडीवरून वाद घालायचा, जुन्या सामन्यांच्या आठवणी काढायचा, चढ्या भावाने विकणाऱ्यांना शिव्या द्यायचा. भाचा सुट्टीत माझ्याकडे आलेला, त्याला एकदा तरी अवे एंडला, म्हणजे पाहुण्यांच्या स्टँडमध्ये, उभं करायचं मनात होतं. दोन तिकिटं आहेत असा त्या गृहस्थाचा मेसेज आला तेव्हा मी लगेच विचारलं. तर त्यानेच माझी उलटतपासणी घेतली! ‘तुम्ही खरे सपोर्टर कशावरून? क्लबचा मेंबरशिप नंबर पाठवा, मला दलालाच्या हाती तिकीट द्यायचं नाही.’ मी नंबर पाठवला. मग त्याने फोटो पाठवला: छापलेली दोन तिकिटं, ब्लॉक, रांग, सीट सगळं स्वच्छ दिसतंय, आणि बारकोडवर अंगठे ठेवलेले. ‘बारकोड कुणाच्या हाती लागू नये म्हणून झाकलाय, तुम्हीही तिकिटाचा फोटो कुठे टाकू नका,’ हा सल्ला वर. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाबद्दल शंका यायची कुठून?

पैसे थेट बँक खात्यावर मागितले. खातं त्याच्या बहिणीच्या नावाचं, असं त्याने सांगितलं. बँकेच्या ॲपने नाव जुळल्याचं दाखवलं. या नाव-तपासणीवर भरवसा ठेवणारे पुष्कळ आहेत, म्हणून सांगतो: ती फक्त एवढंच सांगते की त्या नावाचं खातं आहे. ते खातं भाड्याने घेतलेलं आहे का, हे तिला कळत नाही. साठ पौंड गेले आणि दहा मिनिटांत तिकिटांची पीडीएफ आली.

मैदानावर आम्ही पोहोचलो तेव्हा सामन्याला अर्धा तास होता. दारावरच्या मशीनला पहिलं तिकीट लावलं, लाल दिवा. दुसरं लावलं, लाल दिवा. स्टुअर्डने, म्हणजे दारावरच्या कर्मचाऱ्याने, हातातल्या मशीनवर पुन्हा तपासलं आणि म्हणाला, ‘या दोन्ही सीटवरची माणसं कधीच आत गेलीत, साहेब. बाजूला उभे रहा.’ बाजूला कठड्याशी आधीच दोघे जण उभे होते. त्यातल्या एकाने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि काही न बोलता स्वतःचा पुढे केला. ब्लॉक तोच, रांग तीच, सीट तीच. कोपऱ्यातली प्रिंटरची फिकी रेघसुद्धा तीच, म्हणजे ती आमच्या प्रिंटरची नव्हतीच, फाइलमध्येच होती. मागून आणखी दोघी आल्या. त्यांचंही तेच.

‘मामा, आपण आत जाणार ना?’ भाच्याने विचारलं. काय सांगणार!

तेवढ्यात एक जण जवळ येऊन यजमानांच्या बाजूची दोन तिकिटं आहेत म्हणून कुजबुजायला लागला. अशांची नजर लाल दिव्यावरच असते. ते कधीही घेऊ नका. तिकीट अगदी खरं निघालं तरी यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांचा सपोर्टर सापडला तर मैदानाच्या नियमांनुसार त्याला बाहेर काढता येतं, आणि पैसे परत मिळत नाहीत. आमची परतीची तिकिटं ठरावीक गाडीची स्वस्तातली होती, त्यामुळे लवकर निघायचीही सोय नव्हती. टीव्हीवर बघावं तर शनिवारची तीनची मॅच. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच ब्रिटनमध्ये फुटबॉल थेट दाखवतच नाहीत. आतला आरडाओरडा कानांनी आणि गोल रेडिओवर, असा आमचा अवे एंड झाला.

खरी शिकवणी पुढे सुरू झाली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे की फसवून खात्यावर पैसे वळवून घेतले तर बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, साधारणपणे पाच कामाच्या दिवसांत. मी निर्धास्त होतो. पण त्याच नियमात बँकेला दर दाव्यामागे १०० पौंडांपर्यंत वजावट करण्याची मुभा आहे. साठातून शंभर वजा केले की काय उरतं? काही बँका ही वजावट करत नाहीत, माझ्या बँकेने केली. क्रेडिट कार्डाने दिले असते तर, असं वाटेल. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातलं ७५ वं कलम कार्ड कंपनीलाही जबाबदार धरतं, पण ते लागू व्हायला वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त लागते, तिकीट तीसचं. कार्डावर निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विकणाऱ्याकडून पैसे परत, मागता येतो, त्याला अशी किमान रक्कम लागत नाही. पण हे लोक कार्ड घेतच नाहीत. पेपालवर घेतलेच तर मित्र-नातेवाइकांना पाठवायच्या पर्यायाने घेतात, जिथे खरेदीदाराला संरक्षण नसतं. थोडक्यात, जी किंमत बघून आपण भला माणूस समजतो, तीच किंमत त्याला सगळ्या जाळ्यांच्या खालून सुटू देते.

त्या गृहस्थाला जाब विचारल्यावर त्याचं एकच उत्तर आलं, आणि मेंबरशिप नंबर कशाला हवा होता ते तेव्हा कळलं. ‘तक्रार केलीत तर हा नंबर क्लबला देईन. बाहेरून तिकीट घेतल्याबद्दल बंदी येईल.’

ही धमकी निम्मी पोकळ आहे. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या १६६ व्या कलमाखाली परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा गुन्हा आहे. गुन्हा विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा नाही. क्लब स्वतःच्या अटींवर बोट ठेवू शकतो, हे खरं. मी तरी सीट नंबर, खाते क्रमांक आणि सगळे मेसेज घेऊन क्लबच्या तिकीट ऑफिसकडे गेलो. त्यांनी मूळ खरेदीदाराला फोन लावला. तो बिचारा बायकोबरोबर रीतसर आत बसून मॅच बघून आला होता. त्याने फक्त तिकिटं मिळाल्याच्या आनंदात त्यांचा फोटो सोशल मीडियावर टाकला होता, बारकोडसकट. आमच्या चोराकडे तिकीट कधी नव्हतंच! बारकोड खरा असल्यामुळे आम्ही त्या जोडप्याच्या आधी पोहोचलो असतो तर दिवा आमच्यासाठी हिरवा लागला असता आणि कठड्याशी ते दोघे उभे राहिले असते. हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

मला क्लबकडून ताकीद मिळाली, बंदी नाही. पोलिसांकडेही तक्रार नोंदवली. ज्या खात्यात पैसे गेले ते त्या बँकेने गोठवलं, अर्थात तोवर त्यात काही उरलेलं नव्हतं. आता जादा तिकीट घ्यायची वेळ आली तर क्लबच्या स्वतःच्या ॲपमधून माझ्या नावावर वळवता येत असेल तरच घेतो. तशी सोय नसेल तर घरी बसतो. दारात भेटलेल्या दोघी आणि एक गृहस्थ यांनीही तक्रार केली. राहिलेल्या एकाला मी दोनदा समजावलं, पण त्याचे वर्षानुवर्षांचे पॉइंट आहेत, ते जातील म्हणून तो अजून गप्प आहे.