म्हापशाजवळचं घर आणि आमचे 7 लाख

मागच्या दिवाळीनंतर आम्ही गोव्यातल्या एका घरासाठी 7 लाख रुपये इसार दिला. त्यातले दीड लाख परत आले. बाकीचे येतील अशी आशा आमच्या वकिलांनाही फारशी नाही. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडची कितीतरी माणसं निवृत्तीनंतर गोव्यात एखादं कौलारू घर घ्यायचं म्हणतात, आणि आमच्यासारखीच सातबारा बघायच्या सवयीने तिथले कागद बघतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

यांची एसटीतली नोकरी संपली, मुलगी पणजीला नोकरीला लागली, म्हणून आम्ही पर्वरीला भाड्याने राहायला आलो. घर शोधताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळखीतून एक एजंट भेटला. सावंतवाडीकडचा, आमच्याशी मालवणीत बोलायचा. "काकू, तुमी आपली माणसां म्हणान सांगतंय, नायतर दिल्लीवाले हातातसून काढून घेतले." परक्या मुलखात आपली बोली कानावर पडली की माणूस निम्मा तिथेच सैल पडतो. आम्ही पडलो.

घर खरोखर सुंदर होतं. म्हापशापासून थोडं आत, बार्देश तालुक्यातल्या एका वाड्यावर. निळं दार, पुढे दगडी बाकांचा बल्कांव म्हणजे ओसरी, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या चौकोनी चकत्या. मागे विहीर, फणस, आणि विहिरीपलीकडे एक लहानसं घर. ते कोणाचं विचारलं तर एजंट म्हणाला, पूर्वीच्या कामवालीची खोली आहे, खाली करून देतो. मला एक गोष्ट तेव्हाच दिसली होती. दाराचा कोयंडा गंजून लाल झाला होता, कडीची पूड बोटाला लागत होती, आणि त्यात अडकवलेलं पितळी कुलूप कोरं होतं. त्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा अर्धी शिल्लक होती. मालक म्हणून उभा केलेला माणूस स्वतःच्या वडिलांच्या घराला नुकतंच विकत आणलेलं कुलूप का लावतो, हे मी त्याच क्षणी विचारायला हवं होतं. किंमत 85 लाख सांगितली. त्या भागात असल्या घरांना लोक कोटीच्या पुढे सांगतात, आणि आम्हाला वाटलं नशीब उघडलं.

कागद दाखवला तो 'एक-चौदा'चा. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी हा उतारा असतो. त्यावर त्या माणसाच्या वडिलांचं नाव होतं. वडील वारले, भाऊ-बहीण इंग्लंडला, त्यांचं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, असं म्हणून त्याने एक झेरॉक्स दाखवली. रविवारी दुसरी पार्टी येणार म्हणून शुक्रवारी रात्री घाई. शनिवारी सकाळी स्टॅम्पपेपरवर करार, नोटरीचा शिक्का, 5 लाख बँकेतून आणि 2 लाख रोख. रोखीची पावती मागितली तर "काकू, इश्वास नाय काय?" असं म्हणाला. यांना अवघडल्यासारखं झालं. पावती राहिली ती राहिलीच.

नंतर दर आठवड्याला नवीन कारण. कधी सर्व्हे ऑफिस बंद, कधी लंडनहून कागद यायचा आहे. जानेवारीत मी एकटीच बसने त्या गावी गेले. दाराला तेच कुलूप. विहिरीमागच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, हातात भात पाखडायचं सूप. "तुमकां कोण जाय?" म्हणजे कोण हवंय. मी घर घेतल्याचं सांगितलं तशी तिने सूप खाली ठेवलं आणि मला ओट्यावर बसवलं. तिचं म्हणणं असं, की भाटकार, म्हणजे जमिनीचे मालक, चार भावंडं. एक मडगावला, दोन इंग्लंडात, आणि चौथा हा, ज्याला घराशी काही देणंघेणं नव्हतं. आई अजून जिवंत आहे, मडगावच्या लेकीकडे असते. आणि आमच्याआधी दोन जण असेच येऊन गेले होते.

मग मी वकिलांकडे गेले. आधी जायला हवं होतं ते पैसे गेल्यावर गेले. त्यांनी सांगितलं ते असं.

गोव्यात पोर्तुगीजांचा 1867 चा दिवाणी कायदा 1870 पासून लागू झाला, आणि कुटुंबाच्या मालमत्तेची मांडणी आजही त्याच धर्तीवर आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, दोघांचा निम्मा निम्मा हक्क. मुलामुलींना समान वाटा. म्हणजे या घरात आईचा निम्मा, उरलेल्या निम्म्यात चार भावंडं, आणि विकताना त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही सह्या लागणार. आपल्याकडे एका भावाने सही केली आणि बाकीच्यांनी हक्कसोड दिलं की आपण मोकळे होतो. इथे सून आणि जावईसुद्धा मालकीत येतात, ही गोष्ट आमच्या स्वप्नातही नव्हती. वडील वारल्यावर नोटरीसमोर केलेलं वारसाचं पत्र, ज्याला सक्सेशन डीड म्हणतात, किंवा कोर्टातून झालेली 'इन्व्हेंटरी' म्हणजे वारसांमधली वाटणी, यांपैकी एक तरी कागद हवा. आमच्या माणसाकडे दोन्ही नव्हतं.

एक-चौदा ही महसुली नोंद. ती मालकीचा पुरावा म्हणून एकटी पुरत नाही. मूळ मालकी जुन्या पोर्तुगीज नोंदींतून आणि खरेदीखतांतून काढावी लागते. शिवाय त्या उताऱ्यात खाली 'इतर हक्क' असा रकाना असतो. आम्हाला दाखवलेल्या झेरॉक्समध्ये कागद दुमडून तेवढा भाग झाकला होता. मुलीने सरकारी संकेतस्थळावरून पूर्ण उतारा काढला, तर त्यात त्या म्हातारीच्या नवऱ्याचं नाव मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा, म्हणून होतं. मुंडकाराला 1975 च्या कायद्याने संरक्षण आहे. त्याला हुसकावता येत नाही, आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचाही हक्क आहे. 'कामवालीची खोली' म्हणून आम्हाला खपवलेल्या जागेत ही बाई स्वतःच्या हक्काने राहते. तिथे बसून चहा घेतला याची मला अजून लाज वाटते, कारण आम्ही तिचं घर पाडून तिथे मोटार लावायचं बोललो होतो.

कुलमुखत्यारपत्राचं म्हणाल तर परदेशात केलेला असा कागद भारतात आला की 3 महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमच्या झेरॉक्सवर भारतातला एकही शिक्का नव्हता. मडगावच्या बहिणीला वकिलांनी फोन केला. ती म्हणाली, मी कशावरही सही केलेली नाही.

पोलिसांत गेलो तर आधी सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. गोवा सरकारने जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमलं होतं, पण आमचा विषय घर हडपण्याचा नव्हता, इसाराचा होता. लेखी तक्रार दिल्यावर त्या माणसाने दीड लाख आणून दिले आणि हात वर केले. एजंट म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली. मधल्या काळात त्याने आम्हाला भातशेतीतला एक तुकडाही दाखवला होता. 2023 च्या कायद्यानुसार भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला सहसा विकता येत नाही, हे नंतर कळलं. नाहीतर तिथेही इसार गेला असता.

मोठा मुलगा विचारतो, कराराआधी वकील का नाही गाठला. वकिलांनी मालकीचा शोध घ्यायला जेवढे पैसे मागितले, तेवढे आम्ही घराच्या पायरीवर वाटलेल्या पेढ्यांवर खर्च केले होते.

गेल्या रविवारी म्हातारीच्या नातवाचा फोन आला. पुण्याच्या नंबरची गाडी आली होती, कोणीतरी निवृत्त जोडपं, बल्कांवात बसून फोटो काढत होते. बार्देशात कोणी तुम्हाला निळ्या दाराचं, शिंपल्याच्या खिडक्यांचं घर 'आपली माणसं' म्हणून स्वस्तात दाखवत असेल तर दिवाणखान्यात शिरण्याआधी विहिरीमागे जा आणि तिथे राहणाऱ्या आजींना विचारा.