लाइव्ह बॅच की रेकॉर्डेड कोर्स? आधी स्वतःचा स्वभाव बघा

बारावीला लातूरला खोली करून राहायचं, हा मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचा ठरलेला रस्ता. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते सरावावर: टेस्टमागून टेस्ट, आणि गैरहजर राहिलात की विचारणारं कुणीतरी. आता तोच अभ्यास सेलूत किंवा अंबाजोगाईत घरी बसून मोबाइलवर होतो. ॲप कोणतं, सर कोण, फी किती, याची चौकशी घरचे करतात. पण विचारणारं कुणी नसलं तर आपण अभ्यासाला बसतो का, हे कुणी तपासत नाही. माझ्या मते निवड तिथंच ठरते.

एक गैरसमज आधी बाजूला करू. ‘मला बघून समजतं, मला ऐकून समजतं’ असं अनेक जण सांगतात आणि त्यावरून कोर्स निवडतात. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. अशा प्रकारांप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. उलट स्वभावातल्या एका गुणाचा मार्कांशी संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे: हातातलं काम वेळेवर, नेटानं पुरं करण्याची सवय. बोलके की अबोल हा प्रश्न त्यानंतरचा.

ही सवय तुमच्यात कमी असेल तर लाइव्ह बॅच घ्या, थोडी महाग पडली तरी. सायंकाळी सातला क्लास म्हणजे सातला, आणि गुरुवारी टेस्ट म्हणजे गुरुवारी. ‘उद्या दोन व्हिडिओ एकदम बघू’ म्हणायला जागाच राहत नाही. बोलक्या मुलांना इथं आणखी एक फायदा: शंका तिथल्या तिथं फिटते. लाजाळू मुलं मात्र चॅटमध्येही काही लिहीत नाहीत. मग लाइव्ह क्लासही त्यांच्यासाठी रेकॉर्डेडच ठरतो, फक्त मागे नेता न येणारा.

रेकॉर्डेड कोर्स शोभतो तो सावकाश समजून घेणाऱ्याला. एकच गणित तीनदा मागे नेऊन बघणारा, कुणासमोर विचारायला संकोचणारा, पण ठरवलेलं करणारा. आपल्याकडं त्याचा व्यवहारी फायदाही मोठा आहे. ऐन क्लासच्या वेळी लाइट गेली किंवा टॉवर झोपला तर लाइव्ह क्लास हुकलाच. रेकॉर्डेड व्हिडिओ रेंज असताना डाउनलोड करून ठेवता येतात. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात घरातलं प्रत्येक माणूस वावरात लागतं, तेव्हा सातचा क्लास कोण गाठणार? घाईच्या स्वभावाला मात्र इथं सापळा आहे. दीडपट वेगानं व्हिडिओ संपवले की अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

कॉलेजातल्या मुलांसाठी तिसरी वाटही आहे: केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे एनपीटेलचे, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमाचे, कोर्स. नावनोंदणी आणि शिकणं मोफत. फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. व्हिडिओ हवे तेव्हा बघा, पण दर आठवड्याच्या असाइनमेंटला शेवटची तारीख असते. 100 पैकी 25 गुण असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये 10 आणि परीक्षेत 30 लागतात. मला यातला सगळ्यात माणुसकीचा नियम वाटतो तो हा: 12 आठवड्यांच्या कोर्सात उत्तम 8 असाइनमेंटच धरतात. म्हणजे काढणीचे दोन-तीन आठवडे बुडाले तरी सगळं वाया जात नाही. थोडा धाक हवा, पण रोजचा पहारा नको, अशा मधल्या स्वभावाला हे चांगलं जमतं. शेतीवाल्या घरातल्यांनी जमलं तर जानेवारीचं सत्र धरावं. जुलैच्या सत्राचे शेवटचे आठवडे नेमके सोयाबीनवर येतात.

आता घर की अभ्यासिका? नांदेड, परभणी, संभाजीनगरात महिन्याच्या फीवर टेबल मिळतं. घरी पाहुणे, टीव्ही, लहान भावंडं, आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर ते पैसे कारणी लागतील. पण चहाच्या टपरीवर तासभर रमणाऱ्याला अभ्यासिका म्हणजे कंपनीच. त्यानं घरचा कोपरा बरा समजावा आणि रोज रात्री एका मित्राला फोन करून दिवसाचा धडा समजावून सांगावा. बोलक्याला बोलूनच पक्कं होतं. अबोलानं तेच काम कोऱ्या कागदावर करावं.

शिकलेलं आठवून मांडण्याचं हे काम कुणालाच टाळता येत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र वाचलेलं आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. टेस्टवर टेस्ट देण्याच्या लातुरी सवयीत काही तथ्य आहे ते असं. नीटनेटक्या, जरा काटेकोर स्वभावाच्या मुलामुलींना हे पटत नाही. ती दर मिनिटाला व्हिडिओ थांबवतात, सरांचं वाक्य न् वाक्य उतरवतात, तीन रंगांत रेघा मारतात. तासाच्या लेक्चरला तीन तास जातात आणि वही सुंदर होते. त्यांनी पेन दूर ठेवून दहा मिनिटं बघावं, थांबवावं आणि मग आठवेल तेवढंच लिहावं. परीक्षेची धास्ती घेणाऱ्यांनी आधी गुण न मोजणाऱ्या प्रश्नमंजूषा सोडवाव्यात. लाइव्ह बॅचमधली जाहीर रँकची यादी त्यांना मानवत नाही.

अजून ठरत नसेल तर पैसे भरण्याआधी एक आठवडा मोफतचे व्हिडिओ घ्या. वेळ स्वतः ठरवा, घरच्यांना ‘आठवण करू नका’ म्हणून सांगा. सातपैकी पाच दिवस बसलात तर रेकॉर्डेड घ्या. दोन-तीन दिवसांवर गाडी अडली तर लाइव्ह घ्या, आणि वर्षाची फी एकरकमी न भरता महिन्याचा हप्ता मिळतो का ते आधी विचारा.