ओपिऑइडचा धडा लेक्चर हॉलमध्ये की ओपीडीत?

डेंटल कॉलेजात वेदनाशमन, त्यातही ओपिऑइड म्हणजे अफूच्या वर्गातली, सवय लावू शकणारी वेदनाशामकं कधी द्यायची हे शिकवायला दोन-तीन जादा तास मिळाले, तर ते कुठे घालवायचे? एक लेक्चर घेता येईल, रुग्णाची भूमिका करणाऱ्याला समोर बसवून सराव घेता येईल, किंवा ओपीडीतल्या खऱ्या चिठ्ठ्या तपासता येतील. तिन्ही जमलं तर उत्तमच, पण सहसा जमत नाही.

अमेरिकेत हा विषय कॉलेजांच्या गळ्यात पडला, कारण अक्कलदाढ काढायला आलेल्या कोवळ्या वयाच्या मुलांना हायड्रोकोडोनसारखी ओपिऑइड गोळी बऱ्याचदा डेंटिस्टच्याच चिठ्ठीवर पहिल्यांदा मिळत होती. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या तिन्ही डेंटल स्कूलनी, म्हणजे बॉस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड आणि टफ्ट्सनी, विद्यार्थ्याला या बाबतीत काय यायला हवं याची एकच यादी मान्य केली. २०२३ पासून अख्ख्या अमेरिकेत नियंत्रित औषधं लिहिण्याच्या नोंदणीसाठी ८ तासांचं प्रशिक्षण बंधनकारक झालं. इकडून बीडीएस करून तिकडे जाणाऱ्यांनाही ते चुकत नाही.

लेक्चर सगळ्यात स्वस्त. शंभर मुलं, एक प्रोजेक्टर, काम झालं. दाढ काढल्यावर आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ही जोडी आधी, ओपिऑइड क्वचितच, हे तासाभरात सांगून होतं. पण फार्माकॉलॉजी दुसऱ्या वर्षात आणि चिठ्ठी लिहायची वेळ येते शेवटच्या वर्षात, नाहीतर इंटर्नशिपमध्ये. तोवर रिसेप्टरची नावं तोंडपाठ राहतात आणि दिवसाला किती पॅरासिटामॉल चालतं हे विसरलेलं असतं.

भूमिकेचा सराव वेळखाऊ आहे, तरी माझं मत त्याच्याच बाजूने. खुर्चीतला 'रुग्ण' म्हणतो, "डॉक्टर, मागच्या वेळी ती स्ट्राँग गोळी दिली होती, तीच द्या. साध्याने काही होत नाही." अशा वेळी विद्यार्थी एक तर चिडतो, नाहीतर मुकाट्याने ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड लिहून मोकळा होतो. त्याने विचारायला हवं ते वेगळंच: साधी गोळी घेतली होती म्हणजे किती, आणि दर किती तासांनी? बहुतेकदा दुखलं तेव्हाच एक, असं उत्तर येतं. मग भूल उतरायच्या आत पहिला डोस घ्या, पुढचे घड्याळ बघून घ्या, हे समजावणं हेच खरं काम. रुग्णाच्या तोंडी मुद्दाम दोन गोष्टी पेराव्यात: एकीकडे नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, दुसरीकडे कधीतरी फिट आली होती. दोन्हींत ट्रॅमाडॉल धोक्याचं. विचारलं तरच सांगायचं, हा नियम. रुग्ण व्हायला इंटर्न पुरतात, आणि त्यांना नाटक करायला आवडतंच.

चिठ्ठ्यांची तपासणी आपल्याकडे जास्त उपयोगी, कारण आपला रोग अमेरिकेचा नाही. आपली सवय वेदनाशामकांच्या तयार मिश्रणांची. एका गोळीत आधीच पॅरासिटामॉल असतं आणि वर तापाची गोळी वेगळी. पित्ताचा, किडनीचा, दम्याचा इतिहास न विचारता केटोरोलॅक हे आयबुप्रोफेनच्याच गटातलं जोरदार वेदनाशामक लिहिलेलं असतं. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी त्याची पॅरासिटामॉलबरोबरची गोळी चिठ्ठीवर सहज उतरते. अडचण एवढीच, की तपासणारा सिनिअर स्वतः तेच लिहीत असेल तर काय करायचं? म्हणून आधी विभागाने एकत्र बसून दाढ काढल्यानंतरची एक ठरलेली चिठ्ठी तयार करावी, अपवादांसकट.

एकच निवडायचं असेल आणि तुकड्या लहान असतील तर भूमिकेचा सराव घ्या. बॅच मोठी, शिक्षक दोनच, अशी गत असेल तर लेक्चर अर्ध्या तासावर आणून उरलेला वेळ चिठ्ठ्यांना द्या. आणि काहीही निवडलंत तरी त्याला इंटर्नलमध्ये मार्क ठेवा, नाहीतर हजेरीपुरतीच मुलं येतील.