हातच्या कार्डांवर उठाव : स्टेन्सिल-पेस्ट घ्यावी की एम्बॉसिंग पावडर?

हस्तनिर्मित शुभेच्छापत्रांवर उठाव आणण्यासाठी दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. एकीत स्टेन्सिल (नक्षी कापलेली पातळ शीट) ठेवून त्यातून एम्बॉसिंग पेस्ट, म्हणजे ॲक्रिलिकचा घट्ट लेप, पसरवली जाते; दुसरीत ओल्या शाईवर एम्बॉसिंग पावडर टाकून ती हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, वितळवली जाते. दोन्हींचे सामान एकदम घेणे प्रत्येकाला परवडतेच असे नाही, त्यामुळे आधी कशावर पैसे घालावेत हा प्रश्न रास्त आहे. साताऱ्यात राहून मी दोन्ही पद्धतींनी भरपूर कार्डे केली आहेत आणि माझे मत त्या अनुभवावरच आधारलेले आहे. कोरड्या हवेच्या गावी राहणाऱ्याचे मत कदाचित निराळे पडेल.

पावडरची बाजू आधी मांडतो, कारण तिचे गुण खरे आहेत. बारीक अक्षरे, सहीसारखी वळणदार रेघ, गणपतीची एका ओळीतली आकृती, हे सारे पावडर जितक्या रेखीवपणे उचलते तितके पेस्टला जमत नाही. वितळलेल्या सोनेरी पावडरची झळाळी गडद जांभळ्या किंवा मोरपंखी कार्डावर पाहिली की लग्नपत्रिका करणारे तिला का सोडत नाहीत हे कळते. शिवाय काम तिथल्या तिथे संपते. गार झाली की पावडर घट्ट बसते आणि कार्ड लगेच पाकिटात घालता येते.

तरीही मी पेस्टकडे वळलो, ते एका त्रासामुळे. तो त्रास म्हणजे पावडरचे भरकटलेले कण. शाई जिथे आहे तिथेच पावडर चिकटावी अशी अपेक्षा असते. पण कार्डाला किंचितही ओल असली, बोटाचा घाम लागलेला असला, की कण मोकळ्या जागेवरही बसतात. कार्ड झटकले, मागून टिचकी मारली, कोरड्या ब्रशने टिपले, तरी दोन-चार कण राहतातच, आणि हीट गन फिरली की त्यांचे कायमचे चमकते ठिपके होतात. शाई लावण्याआधी टाल्कम पावडरची कापडी पुरचुंडी कार्डावरून फिरवावी हा उपाय सर्वांना ठाऊक आहे आणि कोरड्या दिवसांत तो चांगला लागूही पडतो. पण आमच्याकडे कार्डांना खरी मागणी येते ती राखीपौर्णिमेपासून गौरी-गणपतीपर्यंत, म्हणजे नेमके साताऱ्याजवळच्या यवतेश्वर डोंगराच्या बाजूने ढग उतरलेले असतात आणि कपाटातला कागदसुद्धा हाताला सर्द लागतो तेव्हा. त्या दिवसांत पुरचुंडी फिरवूनही गडद कार्ड निर्मळ निघेल याची खात्री मला कधीच देता आली नाही. सगळे काम नीट झाल्यावर शेवटच्या क्षणी कार्ड वाया जावे, हे मला फार लागते.

पेस्टचा दोष याच्या उलट असतो: तो ओला असतानाच दिसतो. स्टेन्सिल उचलताना कड फिसकटली, तर ओलसर फडक्याने किंवा पेस्ट पसरवायच्या चाकूच्या टोकाने ती सावरता येते. गडद कार्डावर पांढरी पुसट छटा राहू शकते हे खरे, पण पेस्टमध्ये आधीच कार्डाच्या रंगाचा ॲक्रिलिक रंग थोडा मिसळला असेल तर तीही फारशी जाणवत नाही. पेस्ट मात्र चक्क्याइतकी घट्ट हवी. सैल पेस्ट स्टेन्सिलखाली झिरपते, आणि ही तक्रार करणाऱ्यांची पेस्ट बहुधा सैल असते किंवा चाकूचा दाब जास्त असतो. स्टेन्सिल मास्किंग टेपने चारही बाजूंनी बसवावी, चाकू आडवा धरून शक्यतो एकाच दिशेने ओढावा आणि स्टेन्सिल सरळ वर उचलावी. उरलेली पेस्ट डबीत परत जाते, त्यामुळे नासाडी जवळपास होत नाही.

पेस्टचे कष्टही लपवू नयेत. स्टेन्सिल लगेच पाण्यात टाकावी लागते. ॲक्रिलिक एकदा वाळले की बारीक जाळी मोकळी करणे कठीण. उन्हाळ्यात तासाभरात वाळणारा थर पावसाळ्यात रात्रभर ठेवावा लागतो, आणि घाईने त्यावर हीट गन धरली तर बुडबुडे येतात. कागद पातळ असेल तर पेस्टमधल्या पाण्याने तो वाकतो, म्हणून मी २५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये कागदाचे वजन) खाली उतरत नाही. वरवर कोरडी दिसणारी पेस्ट दमट हवेत पाकिटाला चिकटू शकते. मध्ये बटरपेपर घातलेला बरा. पण हे सगळे त्रास वेळेचे आहेत, आणि ऑर्डर एक दिवस आधी हाती घेतली की ते सुटतात. भरकटलेल्या कणांवर असा उपाय नाही.

शिवाय पेस्टचा पोत बोटाला जाणवतो. थराची उंची साधारण स्टेन्सिलच्या जाडीएवढी येते, आणि तिरप्या प्रकाशात जाळीची, वेलबुट्टीची सावली पडते. वाळल्यावर त्यावर हलक्या हाताने सोनेरी रंग फिरवला तर फक्त उंचवटे उजळतात. पावडरच्या सपाट चकाकीपेक्षा मला हे अधिक भावते. स्टेन्सिल विकतच घ्यावी असेही नाही: जुनी एक्स-रे फिल्म धुऊन, त्यावर आपल्या दारची रांगोळी किंवा पैठणीचा मोर काढून धारदार कटरने कापता येतो. कापताना आकृतीचे तुकडे एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या तेवढ्या शाबूत ठेवाव्यात.

ज्यांचे काम मुख्यतः नावे, मजकूर आणि बारीक रेघांचे आहे, त्यांनी पावडरच घ्यावी आणि मोठ्या ऑर्डरी शक्यतो दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत घ्याव्यात. बाकीच्यांना मी पांढऱ्या पेस्टची एक लहान डबी, लवचीक पात्याचा चाकू आणि मध्यम जाळीची एक स्टेन्सिल सुचवेन. मोठी डबी आरंभी नको, कारण झाकण वरचेवर उघडले की पेस्ट कडेने सुकू लागते.